दारावर बसण्याचा पाठ

असोदा
१२ जानेवारी २०२५, रविवार

किरण,

आज पाचला उठलो. पाणी तापवले, अंघोळ केली. सकाळी नशिराबादचे चार जण दुखवट्याला दारावर येऊन गेले. नंतर जळगावहून मॅडमच्या शाळेतल्या दोन शिक्षिका आल्या. दुपारी शेजारच्या तानुबाईंनी भाकरी आणि मेथीची भाजी आणून दिली, त्यातली अर्धी राहिली. तीन वाजता डिंपल आणि तिच्या पाच मैत्रिणी आल्या. दारावर बसायला आल्या असतील असे वाटले, पण त्यांच्या हातात वह्या होत्या.

पत्राच्या वर श्री घातलेले नाही, ते का हे तुला सांगायला नको. मॅडमना जाऊन बारा दिवस होत आहेत.

तू चौथ्या दिवशी, शनिवारी, आला होतास ते मी पाहिले. साडेदहा ते सव्वाबारा तू ओट्याच्या कडेला छगनभाऊच्या बाजूला बसला होतास. तू काही बोलला नाहीस, मीही बोललो नाही. तू निघालास तेव्हा मी उठलो नाही. दारावर आलेल्याला पोहोचवायला घरच्याने, त्यातून नवऱ्याने, उठायचे नसते, म्हणून. दुसरे काही मनात आणू नकोस.

आता काम लिहितो. फोनवर मला दोन वाक्यांच्या पुढे जाता येत नाही, म्हणून पत्र.

या सहाही मुलींचे नर्सिंग झाले आहे. इंग्रजीची परीक्षा त्या पास झाल्या आहेत. इंग्लंडमधल्या रुग्णालयांसाठी १० आणि ११ फेब्रुवारीला व्हिडिओवर मुलाखती आहेत. तिकडच्या रीतीभातींचे मॅडमचे बावीस पाठ तुला माहीत आहेत. त्यांतले चौदा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत झाले. नंतर त्या अंथरुणावरून उठल्या नाहीत. आठ राहिले. ते घेणारे माणूस मला एकच माहीत आहे.

तुझा धुळ्याचा, देवपुरातला क्लास मोठा आहे, शंभराच्या वर मुले आहेत, हे छगनभाऊ सांगतात; त्यांचे धुळ्याला जाणे-येणे असते. तुला वेळ नसेल. तरी चार रविवार येता येईल का, ते कळव. धुळ्याहून सकाळची पहिली गाडी साडेनऊपर्यंत जळगावला पोहोचते. तिथून असोद्याला रिक्षा आहेत. मी चौकशी केली आहे.

मॅडमचा तुझ्यावर राग नव्हता.

जीवराम नारखेडे

असोदा
१९ जानेवारी २०२५, रविवार

किरण,

तुझे उत्तर आले नाही. टपाल उशिरा पोहोचले असेल असे धरून पुन्हा लिहितो.

आज मुली आल्या होत्या. मी कालवा निरीक्षक म्हणून नोकरी केली. इंग्रजी मला दाखल्यापुरते येते. पण त्या बसून राहिल्या, म्हणून मी म्हटले, मिस्टर वॉल्टरचा पाठ तरी करू.

तू इथे मॅडमबरोबर शिकवत होतास तेव्हा मिस्टर वॉल्टर फक्त चहा पीत असत. नंतर मॅडमनी त्यांना बरेच वाढवले. त्यांचा गुडघा दुखतो, मुलगी लांब राहते, कुत्रा मेलेला आहे. निवृत्तीनंतरची दहा वर्षे मी दर रविवारी तो इंग्रज म्हातारा होऊन, स्वेटर घालून त्या खुर्चीत बसलो आहे. मे महिन्यातसुद्धा. मुलींनी दार वाजवायचे, आतून हो म्हणेपर्यंत थांबायचे, वय विचारायचे नाही, पेन्शन विचारायची नाही, मुलाला किती पगार आहे हे विचारायचे नाही. हवेबद्दल बोलायचे. तुला आठवत असेल, हवेच्या पाठात दरवर्षी पंचाईत होई. "आज फार ऊन आहे." "उद्या काय होईल?" "उद्यापण ऊनच." पुढे बोलणार काय? मॅडम म्हणत, असोद्याच्या पोरींना हवा शिकवणे हे सगळ्यात अवघड काम आहे.

आज डिंपलने चहा आणला. मी मॅडमनी ठरवून दिल्याप्रमाणे एकदा नको म्हटले. तिने सांगितल्याप्रमाणे कप उचलला. नेमक्या तानुबाई दारासमोरून जात होत्या.

"अवं पोरी, म्हाताऱ्यानं एकदा नाही म्हटलं का लगेच कप उचलला? बायको जाऊन महिना नाही झाला त्याची. आण तो कप इकडं."

"मावशी, ते नाना नाहीत आता. ते मिस्टर वॉल्टर आहेत."

"वाल्टर असो नाहीतर बॅलिस्टर असो. पेशील का नाही रे जीवराम?"

मी प्यालो. पाठ तिथेच मोडला. मुली हसल्या. डिंपल म्हणाली, "नाना, तुम्ही मिस्टर वॉल्टर असले का चार वाक्यं तरी बोलता. घरचे नाना तर गप्पच." तिचे बरोबर आहे.

तानुबाईंचा मॅडमना पहिल्यापासून असाच उपद्रव होता आणि मॅडमना तो आवडे. त्या मुलींना म्हणत, तानुबाईंचे ऐकून घ्या, मग ते इंग्रजीत सांगा. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचे असते आणि आपण तीनदा वाढायचे असते, हे मिस्टर वॉल्टरना नीट समजावून द्या. ते समजावता आले की त्यांची रीत पाळताना तुम्हाला लाज वाटणार नाही. भरीत कसे करतात, कपाशीच्या काड्यांवर वांगी कशी भाजतात, माहेरवाशीण परत जाताना ओटी का भरतात, हे सगळे मी इंग्रजीत ऐकले आहे, दहा वर्षांत शंभर वेळा. आधी आपल्या घरचे, मग त्यांच्या घरचे. कोणत्याही मुलीला त्यांनी आपले घर कमी आहे असे वाटू दिले नाही. हे काम किती अवघड आहे ते मला आज कळले. मी दोन तास बसलो आणि शेवटी भाकरीवरच्या गप्पांपलीकडे काही झाले नाही.

तू ज्यावरून गेलास ते मी विसरलेलो नाही. पुनमचे प्रकरण झाले आणि पाठ चौदांचे बावीस झाले, त्यावरून ते सुरू झाले. तू तेव्हा इथे होतास, पण पुनमचा फोन आला तेव्हा घरात मी होतो, म्हणून लिहितो.

पुनम नशिराबादची. मॅडमच्या हातून परदेशी गेलेल्यांतली तिसरी. तिकडे वृद्धांच्या एका निवासात कामाला होती. ती जिची सेवा करत होती ती बाई वारली. पुनमने सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलल्या, त्या बाईच्या मुलीच्या घरी गेली, न कळवता. त्या मुलीने दार उघडले. पुनम आत जाऊन खुर्चीवर बसली आणि दोन तास एक शब्द बोलली नाही. आपल्याकडे दारावर बसतात तसे. चहा विचारला तर मान हलवली. ती मुलगी घाबरली. तिने निवासात फोन केला की तुमची एक बाई माझ्या घरात येऊन बसली आहे, काही सांगत नाही आणि जातही नाही. पुनमला लेखी समज मिळाली.

तिने रडत फोन केला. "मॅडम, मी काय वाईट केलं? कोणी मेलं तर जायचं नाही का?"

मॅडम बराच वेळ ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "चूक तिची नाही, माझी आहे. मी तिला चहा शिकवला, हवा शिकवली, रांगेत उभं राहायला शिकवलं. माणूस गेल्यावर ते लोक काय करतात हे मलाच माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही."

त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या अनोळखी बाईला इंग्रजीत पत्र लिहिले. निवासाच्या पत्त्यावर, तुमच्यामार्फत पोहोचवावे म्हणून. आमच्याकडे दुःखाच्या घरी जातात, बसतात, बोलत नाहीत, न बोलणे हाच आदर आहे, तुमच्याकडे आधी कळवून जातात आणि एक वाक्य बोलतात हे मी माझ्या विद्यार्थिनीला शिकवले नाही, तो दोष माझा, असे. सहा आठवड्यांनी उत्तर आले. चार ओळी होत्या. पुनमने पुन्हा यावे, गुरुवारी चार वाजता, असे त्या बाईने लिहिले होते. आणि त्या दिवसांत माझ्याजवळ इतका वेळ दुसरे कोणी बसले नव्हते, असेही.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "दारावर बसायला वेळ ठरवून दिली बघा. गुरुवार, चार." मग डोळे पुसले आणि पाठांच्या वहीचे नवे पान काढले. तेव्हापासून तिकडे गेलेल्या प्रत्येकीने दर महिन्याला तिथली एक रीत लिहून पाठवायची, असे त्यांनी लावून दिले. घरातून न हलता त्यांनी ते सगळे गोळा केले.

आणि तू २०२१च्या जूनमध्ये चौदा मुलांसमोर म्हणालास की मॅडम स्वतः कधी विमानात बसल्या नाहीत, त्या कुठून इंग्लंड शिकवणार. "हाई बठ्ठं परीक्षामा येस का?" हे सगळे परीक्षेत येते का, असेही म्हणालास. अकरा मुले तुझ्याबरोबर धुळ्याला गेली.

हे उकरून काढायला लिहिलेले नाही. येता आले तर ये.

जीवराम नारखेडे

असोदा
२७ जानेवारी २०२५, सोमवार

किरण,

तुझे पत्र आज मिळाले. तू लिहितोस की दिवाळीत मॅडमच्या आजाराचे कळल्यावर छगनभाऊकडून निरोप पाठवला होता, भेटायला येऊ का म्हणून. उत्तर आले नाही, त्यावरून तू समजलास की मॅडमना तू नको आहेस. आता त्यांच्या जागेवर उभे राहण्याचा तुला हक्क नाही, असे तू लिहिले आहेस.

तुझे पत्र दोनदा वाचले. मग शेतावर जाऊन आलो. केळीला पाणी चालू होते. आल्यावर हे लिहायला बसलो आहे.

छगनभाऊचा निरोप मला मिळाला होता. मी तो मॅडमना सांगितला नाही.

एवढेच नाही. नोव्हेंबरच्या वीस तारखेला तिने मला सांगितले, किरणला फोन लावा. मी बाहेर गेलो, ओट्यावर थोडा उभा राहिलो आणि आत येऊन सांगितले की तो कामात आहे, जमले की येईन म्हणाला. मी फोन लावला नव्हता. डिसेंबरमध्ये तिने पुन्हा विचारले. मी तेच सांगितले. ती म्हणाली, "असू दे, मोठा क्लास आहे त्याचा." तिसऱ्यांदा विचारले नाही.

विमानाचे वाक्य तू बोललास तेव्हा मी दाराच्या मागे स्वेटर घालून उभा होतो, आत यायच्या तयारीत. ती ते वाक्य विसरली. खरेच विसरली, मी तिला ओळखतो. पुढच्याच आठवड्यात तुझ्या क्लासच्या जाहिरातीतली इंग्रजी चूक तिने मला दाखवली आणि म्हणाली, त्याला कळवा, पोरं हसतील. मीच विसरलो नाही. मला वाटे, मी तिच्या बाजूने उभा आहे. तिला तशी बाजू नको होती.

पहिल्या पत्रात मी लिहिले की तिचा राग नव्हता. ते खरे. पण ते वाक्य मी जेवढे लिहायला हवे होते त्याच्या निम्म्यावर सोडले. तू दारावर आलास तेव्हा मी उठलो नाही ते रीत म्हणून, असेही लिहिले. रीत होतीच. पण तू समोर बसला असताना मला मान वर करता आली नाही, हे त्यापेक्षा जास्त खरे आहे.

तुझ्याकडून क्षमेची अपेक्षा ठेवून लिहिलेले नाही. तुला हक्क नाही हे तुझे म्हणणे चूक आहे, ते कळावे म्हणून लिहिले. त्याला पुरावाही आहे. वहीतला पंधरावा पाठ शोकाचा आहे. माणूस गेल्यावर इकडे काय करतात, तिकडे काय करतात. बाकी सगळे पाठ दोन्ही बाजूंनी लिहून भरलेले आहेत. या पाठाच्या पानावर तिकडच्या रीती आहेत आणि आपली बाजू कोरी आहे. वर पेन्सिलने लिहिले आहे: "हा किरणने घ्यावा. त्याला माहीत आहे." खाली तारीख १८ नोव्हेंबर. दोन दिवसांनी तिने मला फोन लावायला सांगितला.

मुलाखती दोन आठवड्यांवर आल्या आहेत.

जीवराम

असोदा
३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

किरण,

काल तू आलास. आपले जे बोलणे झाले ते रिक्षाच्या थांब्यावर, तेही दोन वाक्ये. म्हणून आज लिहितो.

तू आल्यावर आधी "नाना, खडू शे का?" एवढेच म्हणालास. मी डबा दिला. तू पाठमोरा होऊन फळ्यावर तारीख घातलीस. मॅडम घालत त्याच कोपऱ्यात. तुला ते लक्षात तरी आले का, माहीत नाही.

तू वर्गात सांगितलेस ते मला पूर्वी कोणी सांगितले नव्हते. मॅडमनीही नाही. मुली आधी कुजबुजत होत्या, धुळ्याचे सर कडक आहेत म्हणे. मग तू इंग्रजीत सुरुवात केलीस आणि मधेच आपल्या बोलीवर आलास. "मना बाप वारना तवय मी अकरावीमा व्हतू." तुझ्या गावाहून, सोनगीरहून, चौदाव्या दिवशी परत आलास, डोक्यावर केस नव्हते, वर्गात सगळे खाली बघत होते. मॅडमनी पुस्तक उघडले, तुझ्याकडे पाहिले आणि पुस्तक मिटले. मग पूर्ण तास त्या खुर्ची ओढून तुझ्या बाकाजवळ बसल्या. चाळीस मुले गप्प. घंटा झाली तेव्हा उठून पुढच्या वर्गावर गेल्या. तू म्हणालास, त्या दिवशी धडा झाला नाही, पण शाळा सोडायची असे ठरवून आला होतास ते तू मनातून काढून टाकलेस.

डिंपलने विचारले, "सर, मग तिकडे असं बसलं तर ते घाबरतात ना? पुनमताईचं झालं तसं?"

तू म्हणालास, "घाबरतील. म्हणून आधी विचारायचं. बसायचं नाही असं नाही. विचारून बसायचं."

पुढचे तू आधी ठरवले होतेस की तिथे सुचले, ते मी विचारणार नाही. तू मुलींना म्हणालास, मिस्टर वॉल्टरची बायको वारली आहे. एकेकीने बाहेर जा, दार वाजवा.

मी खुर्चीत होतो. मला उठून जावेसे वाटले. तुझ्याकडे पाहिले, तू फळ्याकडे बघत होतास.

डिंपल पहिली आली. दार उघडेच होते तरी तिने वाजवले. मी हो म्हटले. ती समोर उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, तुमच्या पत्नीचे ऐकून फार वाईट वाटले. मी तुमच्याजवळ थोडा वेळ बसू का, की तुम्हाला एकटे राहायला आवडेल?

मला उत्तर देता आले नाही. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. कोणीतरी मागून हळूच म्हटले, "नाना वाक्य विसरले वाटतं." तू म्हणालास, "थांबा. घाई करू नका." तेवढेच. सगळ्या थांबल्या.

मग मी म्हटले, बस.

त्या बारा-तेरा दिवसांत या ओट्यावर दीडदोनशे माणसे येऊन बसली. मला ते सगळे जवळचे. पण मी बसू का, असे कोणी विचारले नव्हते. आपल्यात विचारायची रीत नाही, विचारले तर परके वाटेल. तरी काल विचारले तेव्हा बरे वाटले, हे कबूल करतो. एका माणसाची रीत दुसऱ्याच्या कामी येते, असे मॅडम सांगत असत. मी ते दहा वर्षे खुर्चीत बसून ऐकले, आणि मला वाटे ते मुलींसाठी आहे.

थांब्यावर तू म्हणालास, "नाना, साडेतीन वरीस मी मॅडमवर रुसेल व्हतू. आते कोनवर रुसू?" तू पुढे म्हणालास की फोनचे ते मी तुला सांगितले नसते तरी चालले असते. तेही मी ऐकून घेतले. तुझे म्हणणे रास्त आहे. सांगून माझे ओझे उतरले आणि तुझ्यावर चढले, हे मला लिहिताना कळले नव्हते.

तू मुलींसाठी पुढच्या रविवारी येतो म्हणालास, आणि शुक्रवारी-शनिवारी फोनवर उरलेले पाठ घेतो म्हणालास. त्यापेक्षा जास्त मी मागत नाही.

जीवराम

असोदा
२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार

किरण,

निकाल काल दुपारी आले. सहापैकी चार निवडल्या गेल्या. डिंपल आहे. ज्या दोघी राहिल्या त्यांना एप्रिलमध्ये पुन्हा संधी आहे. त्यांतली एक रडत होती, तिला तानुबाईंनी जेवायला बसवले, आणि तिने दोनदा नको म्हटल्यावरही वाढले.

डिंपलची मुलाखत मी बाहेरून ऐकली. तिने आमच्याच पुढच्या खोलीतून दिली, नेट इथे बरे चालते म्हणून. त्यांनी विचारले, एखाद्या रुग्णाचा नवरा पलंगाशी नुसता बसून आहे, काही बोलत नाही, तुम्ही काय कराल? ती लगेच बोलली नाही. मला वाटले, गेली. मग ती म्हणाली, आमच्या गावात आम्ही जाऊन त्याच्याजवळ बसू. तुमच्याकडे मी आधी त्याला विचारीन. आणि त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला तर मी थांबेन. पलीकडच्या बाईने मग डिंपलला गावाबद्दलच विचारले. ठरल्यापेक्षा दहा मिनिटे जास्त चालले. भरीतही निघाले.

तुझा फोन झाला त्याला आता चार दिवस झाले. बावीसही पाठ देवपुरात सुरू करायचे म्हणतोस, स्वतंत्र वर्ग म्हणून, रविवारी, फी न घेता. त्यासाठी वही मागितलीस. मी म्हणालो, झेरॉक्स काढून पाठवतो. तू बरे म्हणालास.

वही घेऊन जळगावला झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानातला म्हणाला, बाबा, पेन्सिलचे उठणार नाही. तिने निम्म्याहून जास्त पेन्सिलने लिहिले आहे, खोडता यावे म्हणून. मी वही परत आणली. दोन दिवस ती टेबलावर होती. तिचे अक्षर घरात दुसरीकडे फारसे नाही. किराण्याच्या याद्या आहेत, त्या मी ठेवल्या आहेत.

काल संध्याकाळी पहिल्यापासून वाचली. त्याआधी पंधराव्या पाठापुरती चाळली होती, तिची वही कधी वाचली नव्हती. ती आतल्या खोलीत बसून लिहायची, मी बाहेर वर्तमानपत्र वाचायचो. तिसऱ्या पाठात मिस्टर वॉल्टर पहिल्यांदा येतात. तू तो पाठ घेत होतास, तेव्हा तुला हे पान माहीत असणार. मला नव्हते. मुलींसाठी सूचना लिहिल्या आहेत. त्यांतली चौथी अशी:

"मिस्टर वॉल्टर लगेच उत्तर देत नाहीत. मनात दहा मोजा. ते रागावलेले नाहीत, त्यांना तुम्ही नको आहात असेही नाही. त्यांना शब्द सापडायला वेळ लागतो. थांबलात तर ते बोलतात, आणि मग खरे बोलतात."

खाली तारीख आहे, जुलै २०१५. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती.

हे पान फाडून ठेवावे असे एकदा मनात आले. फाडले नाही. त्याच्याशिवाय पुढचा, चौथा पाठ मुलींना लागणार नाही.

वही आज पार्सलने पाठवली आहे, मूळ. पावसापाण्याचे दिवस नाहीत, तरी प्लास्टिकमध्ये बांधली आहे. पंधराव्या पाठातली आपली बाजू तू भरायची आहेस. पेन्सिलने भर. मिस्टर वॉल्टरसाठी धुळ्यात कोणीतरी म्हातारा शोध. मिळाला नाही तर मला कळव. स्वेटर माझ्याकडेच आहे, आणि गाडीच्या वेळा मला माहीत आहेत.

आज गावात दोन दिवसांआड येणारे पाणी आले आहे. मोटर लावून ठेवली होती, टाकी भरेपर्यंत हे लिहिले. आता वरून पाणी सांडल्याचा आवाज येतो आहे. जाऊन बंद करतो.

जीवराम